मेरीन्याक: विमानतळाच्या पाटीमागचं गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपूरहून फ्रान्सच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात राहायला येऊन मला आता बरीच वर्षं झाली. दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा निरोप येतोच. कुणाच्या मुलीला बोर्दोला प्रवेश मिळालेला असतो, कुणाच्या जावयाची दोन वर्षांसाठी इथल्या कारखान्यात नेमणूक झालेली असते, तर कुणाला फक्त राफेलबद्दल विचारायचं असतं. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. बहुतेकांना मेरीन्याक हे विमानतळाचं नाव म्हणून ठाऊक असतं. त्या पाटीमागे एक मोठं, जुनं, स्वतःचा महापौर आणि स्वतःच्या आठवणी असलेलं गाव आहे. ते लोकांना कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मेरीन्याक नेमकं कुठे आहे? ते बोर्दोचाच भाग ना?

बोर्दोला लागून पश्चिमेला. जिल्हा जिरोंद, प्रांत नूव्हेल-आकितेन. पण बोर्दोचा भाग नाही. इथली नगरपालिका वेगळी, नगरसेवक वेगळे, शाळांचा आणि वाचनालयांचा कारभार वेगळा. मध्ये कोदेराँ नावाचं एक गाव होतं, ते १९६५ साली बोर्दोत विलीन झालं. मेरीन्याक मात्र स्वतंत्रच राहिलं. ट्राम, पाणी, कचरा, मोठे रस्ते असा सगळ्या परिसराचा सामाईक कारभार २८ गावांची मिळून बनलेली 'बोर्दो मेट्रोपोल' बघते आणि मेरीन्याक तिच्यात आहे.

इथल्या म्हाताऱ्या माणसांना 'तुम्ही बोर्दोचे का?' असं विचारलं, तर ती 'मेरीन्याकचे' असं ठासून सांगतात. सुरुवातीला मला त्याचं नवल वाटायचं. आता मीही तेच सांगते.

नाव कसं उच्चारायचं?

मेरीन्याक (Mérignac). मधला 'ग' वेगळा म्हणायचा नाही, 'न्य' असा उच्चार होतो. शेवटचा 'क' मात्र स्वच्छ ऐकू येतो. या भागात '-आक'ने संपणारी गावं पावलोपावली भेटतात: पेसाक, पोयाक, कादोजाक. रोमन काळातल्या जमीनदारीच्या नावांची ही शेपटी आहे, म्हणजे अमक्याची वाडी, तमक्याची वाडी असंच काहीसं. इथल्या रहिवाशांना 'मेरीन्याके' म्हणतात.

गाव केवढं आहे?

वस्ती सत्तर हजारांच्या वर. बोर्दोच्या उपनगरांमध्ये हे सगळ्यांत मोठं आणि जिरोंद जिल्ह्यात बोर्दोखालोखाल दुसरं. क्षेत्रफळ सुमारे ४८ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ बोर्दो शहराएवढंच. बोर्दोत मात्र तेवढ्याच जागेत अडीच लाखांहून जास्त माणसं राहतात. उरलेली जागा इथे कशाने व्यापली आहे, ते नकाशा उघडला की कळतं. मध्ये विमानतळाच्या धावपट्ट्या, कडेने कारखाने आणि पश्चिमेला पाइनची झाडी. म्हणून इथे नवा आलेला माणूस 'गाव कुठे आहे?' असं विचारतो. गाव पूर्वेकडच्या निम्म्यात आहे आणि एका जागी गोळा झालेलं नाही. आर्लाक, कापेरों, बूराँ, ल बुर्क, पिशे या वस्त्यांना आपापला चौक आणि आपापली बेकरी आहे.

भारताची राफेल विमानं इथेच बनतात का?

जोडली जातात इथे. हा फरक महत्त्वाचा आहे. राफेल बनवणाऱ्या दासो कंपनीचे कारखाने फ्रान्सभर विखुरलेले आहेत. धड पॅरिसजवळ तयार होतं, पंख शेजारच्या मार्तिन्यास गावात, शेपटीचा भाग बियारित्झला. इंजिन साफ्रान कंपनीचं, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बव्हंशी थालेसची. हे सगळं मेरीन्याकला येतं, एकत्र बसवलं जातं आणि इथल्याच धावपट्टीवरून विमान पहिल्यांदा उडतं. थालेसचं एक मोठं आवारही विमानतळाच्या शेजारीच आहे.

भारताने ३६ राफेल घेण्याचा करार २३ सप्टेंबर २०१६ रोजी केला. पहिलं विमान ८ ऑक्टोबर २०१९ रोजी मेरीन्याकलाच भारताच्या ताब्यात देण्यात आलं. त्या दिवशी वायुसेना दिन होता आणि दसराही. तेव्हाचे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी शस्त्रपूजन केलं. विमानाच्या अंगावर कुंकवाने ॐ काढला, नारळ आणि फुलं वाहिली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि नंतर मागच्या आसनावर बसून एक फेरीही मारली. दुसऱ्या दिवशी बेकरीतल्या बाईंनी मला विचारलं, 'ती लिंबं कशासाठी होती?' आमच्याकडे दसऱ्याला शेतकरी औत पुजतो, सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर ट्रक पुजतो, आणि नवं वाहन लिंबावरून नेऊन मगच रस्त्यावर काढतात, असं मी माझ्या तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. त्या दोन क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, 'म्हणजे हत्याराचे आभार मानायचे.' मला इतक्या थोडक्यात ते सांगता आलं नसतं.

पहिली पाच विमानं २७ जुलै २०२० रोजी इथून निघाली. तीन एका आसनाची आणि दोन दोन आसनांची. वाटेत आकाशातच इंधन भरलं, अबू धाबीजवळच्या अल धाफ्रा तळावर मुक्काम केला आणि सुमारे सात हजार किलोमीटरचं अंतर कापून २९ तारखेला ती अंबाल्याला उतरली. दोन आसनांच्या विमानांवर 'आरबी' आणि एका आसनाच्या विमानांवर 'बीएस' ही अक्षरं असतात. ती भदौरिया आणि धनोआ या दोन वायुसेनाप्रमुखांच्या नावांवरून घेतलेली आहेत. शेवटचं, छत्तिसावं विमान २०२२च्या डिसेंबरात भारतात पोचलं. नौदलासाठीच्या २६ राफेलचा करार २०२५च्या एप्रिलमध्ये झाला.

नागपूरचा आणि मेरीन्याकचा काही संबंध आहे का?

आहे, आणि हा माझ्या सगळ्यांत आवडीचा प्रश्न आहे. दासो फक्त लढाऊ विमानं बनवत नाही. 'फाल्कन' ही तिची खासगी प्रवासाची जेट विमानं, त्यांचीही जोडणी मेरीन्याकलाच होते. या मालिकेतलं पहिलं विमान ४ मे १९६३ रोजी इथूनच पहिल्यांदा उडालं. त्या दिवशी चार्ल्स लिंडबर्ग, एकट्याने अटलांटिक ओलांडणारा तोच, पॅन अॅम कंपनीसाठी विमान निवडायला इथे आला होता. आपल्याला हवा तो पक्षी सापडला, अशी तार त्याने कंपनीला पाठवली आणि फाल्कनचं नशीब उघडलं.

आता नागपूर. मिहानमध्ये दासो आणि रिलायन्सच्या संयुक्त कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी २७ ऑक्टोबर २०१७ रोजी झाली. तिथे फाल्कन २०००चे भाग बनू लागले आणि ते फ्रान्सला येऊ लागले. म्हणजे माझ्या माहेरापासून अर्ध्या तासावर बनलेला तुकडा माझ्या इथल्या घरापासून अर्ध्या तासावर विमानाला बसवला जातो. मग २०२५च्या जूनमध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात घोषणा झाली की फाल्कन २०००ची अख्खी जोडणीच नागपुरात होईल. फ्रान्सबाहेर फाल्कन पूर्ण जोडलं जाण्याची ही पहिलीच वेळ ठरेल आणि नागपूरचं पहिलं विमान २०२८पर्यंत उडवायचं ठरलं आहे. त्याच महिन्यात राफेलची धडं हैदराबादला टाटांच्या कारखान्यात बनवण्याचंही जाहीर झालं.

म्हणून मिहानमध्ये काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मुलामुलींना माझं आवर्जून सांगणं आहे: फ्रेंच शिका. इंग्रजीवर काम भागतं, पण जोडणीच्या शेडमधला अनुभवी कारागीर त्याचं खरं ज्ञान फ्रेंचमध्येच बोलतो.

हा उद्योग नेमका इथेच का आला?

जमीन सपाट, बोर्दोच्या मानाने मोकळी, आणि जर्मनीच्या सीमेपासून शक्य तितकी दूर. विमानविद्येच्या सुरुवातीच्या काळापासून इथल्या माळावर उड्डाणं होत होती. पहिल्या महायुद्धात इथल्या बोदेझेर भागात अमेरिकन सैन्याचं मोठं इस्पितळ होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी विमानांचा कारखाना इथे जोमाने वाढला, साठच्या दशकात बोर्दोचे महापौर शाबाँ-देल्मास यांनी अवकाश आणि संरक्षण उद्योग या पश्चिम पट्ट्यात यावा म्हणून जोर लावला आणि मग एकामागून एक कारखाने आले.

दासो या नावाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. संस्थापकाचं मूळ नाव मार्सेल ब्लॉक. ज्यू असलेल्या या माणसाला नाझींनी १९४४ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकलं. तिथून तो जिवंत परतला आणि त्याने आपलं आडनाव बदललं. त्याचा भाऊ नाझींविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत ज्या टोपणनावाने वावरायचा, त्यावरून 'दासो' हे नाव घेतलं.

वजनरहित अवस्थेत तरंगवणारं विमान इथलंच का?

हो. नोव्हेस्पास ही कंपनी विमानतळाच्या आवारातच आहे. तिचं एअरबस ए-३१० विमान आकाशात कमानीसारखी वाट घेतं आणि प्रत्येक कमानीच्या माथ्यावर सुमारे २२ सेकंद आतल्या माणसांना वजनच उरत नाही. संशोधनाच्या एका उड्डाणात अशा ३१ कमानी. २२ सेकंदांत जमेल तेवढा प्रयोग करायचा, मग शरीर जवळजवळ दुपटीने जड होतं, मग पुन्हा हलकं. हे विमान पूर्वी जर्मन सरकारच्या दिमतीला होतं आणि अँगेला मर्केल त्यातून प्रवास करत.

द गॉल इथून निसटले, हे खरं?

निसटले म्हणा किंवा निघाले म्हणा, पण जागा हीच. १९४०च्या जूनमध्ये पॅरिस पडलं आणि फ्रेंच सरकार बोर्दोला आलं. नव्या पंतप्रधानांना, पेताँ यांना, युद्ध थांबवायचं होतं. १७ जूनच्या सकाळी द गॉल (पुढे फ्रान्सचे अध्यक्ष झाले तेच) इंग्रज जनरल स्पिअर्स यांच्यासोबत मेरीन्याकहून एका छोट्या ब्रिटिश विमानाने लंडनला गेले. बरोबर एक तरुण सहायक अधिकारी, कूर्सेल. दुसऱ्या दिवशी बीबीसीवरून त्यांनी लढा चालू ठेवण्याचं ते प्रसिद्ध आवाहन केलं. त्यानंतर लवकरच जर्मन आले आणि हाच तळ त्यांच्या लांब पल्ल्याच्या 'काँडोर' विमानांचा अड्डा झाला. अटलांटिकमधल्या दोस्त राष्ट्रांच्या जहाजांवर ती इथूनच झेपावत.

बोदेझेरची छावणी काय होती? तिच्याबद्दल कुणी बोलत का नाही?

बोलतात, पण हळू आवाजात. विमानं आणि द गॉल यांच्याबद्दल चार शब्द सांगून थांबणं सोपं असतं, म्हणून हे उत्तर मी मुद्दाम लांबवते आहे.

१९४०च्या अखेरीस इथे काटेरी तारांची छावणी उभी राहिली. आधी भटक्या रोमा कुटुंबांना इथे डांबलं. नंतर कम्युनिस्ट आणि प्रतिकार चळवळीतले लोक आले. २४ ऑक्टोबर १९४१ रोजी शेजारच्या सूझच्या लष्करी मैदानावर जर्मनांनी ५० ओलिसांना गोळ्या घातल्या, त्यांतले बरेच याच छावणीतून नेलेले होते. १९४२पासून ज्यू माणसं, बायका आणि मुलं इथे ठेवली जाऊ लागली. १९४२ ते १९४४ या काळात बोर्दोहून सुमारे १,६०० ज्यूंना आगगाड्यांमधून पॅरिसजवळच्या द्राँसीच्या छावणीत पाठवण्यात आलं आणि तिथून बहुतेकांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत.

ही छावणी फ्रेंच प्रशासन चालवत होतं. पाठवायच्या माणसांच्या याद्यांवर सह्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या होत्या. त्यांतला एक, मोरीस पापाँ, युद्धानंतर पॅरिसचा पोलीसप्रमुख आणि पुढे मंत्री झाला. त्याच्यावरचा खटला बोर्दोच्या न्यायालयात १९९७च्या ऑक्टोबरात उभा राहिला आणि २ एप्रिल १९९८ रोजी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात सहभागाबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला होता.

बोदेझेरला आज कारखाने आणि रस्ते आहेत. तुम्ही कामानिमित्त तिथून रोज जाणार असाल, तर एकदा थांबा.

विमानतळावरून बोर्दोत कसं जायचं? पॅरिसला विमानाने जावं की रेल्वेने?

ट्राम. २९ एप्रिल २०२३ पासून ट्राम थेट विमानतळापर्यंत येते. मेरीन्याकच्या मध्यापर्यंत ती २००७ सालीच आली होती. बोर्दोच्या मध्यात पोचायला साधारण ३५ ते ४० मिनिटं लागतात. संध्याकाळी टॅक्सीत बसून वळणरस्त्यावर (इथे 'रोकाद' म्हणतात) अडकून पडण्यापेक्षा ट्राम केव्हाही बरी. वाटेत पेलग्राँ या मोठ्या विद्यापीठ रुग्णालयाचा थांबाही लागतो, हे घरात वयस्कर माणसं असतील त्यांनी लक्षात ठेवावं.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना छताकडे कान लावायला सांगा. बोर्दोच्या जुन्या भागात ट्रामवर तार नसते. वीज दोन रुळांच्या मधल्या जमिनीतल्या पट्टीतून येते आणि ज्या तुकड्यावर ट्राम उभी असते तेवढ्याच तुकड्यात ती चालू असते. माणसं बिनधास्त त्यावरून चालतात. २००३ साली अशी ट्राम जगात पहिल्यांदा इथेच सुरू झाली. उपनगराकडे निघालं की एका थांब्यावर छतावर 'खट्ट' असा आवाज होतो आणि ट्राम आपला हात वर करून तारेला टेकवते. माझा मुलगा त्या आवाजाची वाट बघत बसतो.

पॅरिसला रेल्वेने जा. जुलै २०१७ पासून बोर्दोहून पॅरिस दोन तासांच्या किंचित वर. पॅरिसच्या ओर्ली विमानतळाला जाणारी विमानं तर आता बंदच आहेत, कारण रेल्वेने अडीच तासांच्या आत पोचता येत असेल तर देशांतर्गत उड्डाण नको, असा नियम फ्रान्सने २०२३ साली लागू केला. भारतात थेट विमान इथून नाही. पॅरिस किंवा अॅमस्टरडॅमला बदलावं लागतं.

राहायला कोणता भाग घ्यावा? विमानांचा आवाज होतो का?

नोकरी विमानतळाकडे असेल तर ट्रामच्या रेषेवर घर बघा, बाकी सगळं दुय्यम. आर्लाक बोर्दोला जवळचं, जरा दाट. कापेरों शांत, पन्नास-साठच्या दशकांतली छोटी बैठी घरं, मागे अंगण. आम्ही तिथे राहतो, तेव्हा माझा थोडा पक्षपात धरून चाला. बोर्दोच्या बाजूला 'एशॉप' म्हणतात ती दगडी एकमजली घरं दिसतात. रस्त्याला अरुंद तोंड, आत लांबच लांब, टोकाला परसू. आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या एका पट्टीसारखी.

विद्यार्थ्यांनी मात्र आधी विचार करावा. विद्यापीठाचं मोठं आवार तालाँस आणि पेसाकच्या बाजूला आहे, मेरीन्याकला नाही. विमान देखभाल शिकवणारी बोर्दो विद्यापीठाची संस्था तेवढी इथे आहे.

आवाज धावपट्टीच्या रेषेत जास्त, इतरत्र फारसा नाही. राफेल उडतं त्या दिवशी मात्र सगळ्यांना कळतं. खिडकीच्या काचा थरथरतात, बोलणं अर्ध्यावर थांबतं आणि विमान दूर गेलं की वाक्य तिथूनच पुढे सुरू होतं. इथल्या लोकांना ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की आपण थांबलो होतो हेही त्यांच्या ध्यानात येत नाही.

घर घेतानाची कागदपत्रं हा वेगळा विषय. एका कचेरीने आमची फाइल तीन वेळा परत पाठवली, दर वेळी एकच कागद कमी होता आणि दर वेळी तो वेगळा होता. जन्मदाखला, त्याचं अधिकृत भाषांतर, तीन महिन्यांच्या पगारपावत्या हे सगळं भारतातून निघतानाच दोन-दोन प्रतींत आणा.

उन्हाळा कसा असतो? नागपूरच्या माणसाला काय वाटणार?

मलाही तसंच वाटलं होतं. बातम्यांत 'बोर्दोचं तापमान' म्हणून जो आकडा सांगतात, तो मेरीन्याकच्या विमानतळावरच्या वेधशाळेत मोजलेला असतो. २३ जुलै २०१९ रोजी तिथे ४१.२ अंश नोंदले गेले आणि २००३ सालचा ४०.७चा उच्चांक मोडला. नवतपात ४६-४७ अंश काढलेल्या बाईला ४१चं काय कौतुक, असं मनात आलं. पण नागपुरात खस लावलेला कूलर असतो, माठ असतो, दुपारी दुकानं ओढून घेतात, अंगावर सुती कपडा आणि खिशात कांदा असतो. इथे बहुतेक घरांत ना पंखा, ना एसी. भिंती हिवाळ्याची उब धरून ठेवायला बांधलेल्या, त्या उन्हाळ्यातही उब धरूनच ठेवतात. त्या दिवशी मी शेजारच्या आजींकडे ओल्या चादरी घेऊन गेले, लाकडी झडपा सकाळी आठलाच लावून घ्यायला सांगितल्या, साखरमीठ घातलेलं लिंबूपाणी करून दिलं.

एरवी हवा समुद्राकडची, दमट आणि मऊ. हिवाळ्यात बर्फ क्वचित, पाऊस भरपूर. पश्चिमेची पाइनची जंगलं हा उन्हाळ्यातला खरा घोर आहे. जुलै २०२२मध्ये लाँदिरास आणि ला तेस्तला आगी लागल्या, वीस हजारांहून जास्त हेक्टर जंगल जळालं आणि धूर बोर्दोपर्यंत आला. सकाळी खिडकी उघडली तर होळीच्या दुसऱ्या दिवशीचा वास.

विमानतळाच्या गावात द्राक्षमळे?

दोन उरले आहेत आणि दोन्ही 'पेसाक-लेओन्याँ' या मानाच्या नावाखाली वाइन काढतात. हे नाव १९८७ साली ठरलं, ते वापरण्याचा हक्क फक्त दहा गावांना आहे. शातो पिक-कायू हा जुना मळा. नावातला 'कायू' म्हणजे गोटा. मळ्याच्या बांधावरून खाली बघितलं तर माती कमी आणि करड्या-पांढऱ्या गोट्यांची खडीच जास्त दिसते. पाणी त्यातून झरझर निचरतं, दिवसभराचं ऊन गोटे साठवतात आणि रात्री वेलीला परत देतात. दुसरा लूशे-आल्द. ही जागा लष्कराकडे होती. १९९९ साली बोर्दोच्या कृषी महाविद्यालयाने ती घेतली आणि नव्याने वेली लावल्या. चहूकडे इमारतींचा वेढा पडलेला असताना एका शिक्षणसंस्थेने फ्लॅट न बांधता वेली लावल्या, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आपला स्वयंपाक जमतो का?

जमतो. भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या बोर्दोच्या काप्युसाँ बाजारात आणि साँ-मिशेलच्या दुकानांत मिळतात. ताक शोधत बसू नका, सुपरमार्केटात 'ले फेर्माँते' नावाच्या बाटल्या असतात, त्यात मीठ-जिरं घाला, झालं. ज्वारीचं पीठ सेंद्रिय दुकानात 'सोर्गो' नावाने मिळतं. या नैर्ऋत्य भागात ज्वारी पिकतेही. दळण आपल्यापेक्षा खरबरीत येतं, तेव्हा उकड घेऊन भाकरी थापा, तडा जात नाही.

इथलं काय खावं? कानले. तांब्याच्या साच्यात भाजलेला छोटासा उभा केक, बाहेरून जळका-कुरकुरीत, आतून खरवसासारखा मऊ. त्यात अंडं आणि रम असते, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारावं.

फ्रेंच येत नसेल तर चालेल का?

कारखान्यात चालेल, गल्लीत नाही. आणि पुस्तकातली फ्रेंच शिकून आलात तरी इथली थोडी वेगळी आहे. पहिल्याच आठवड्यात मी बेकरीत 'पॅं ओ शोकोला' मागितला. बाईंनी हसून तोच पदार्थ माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, 'शोकोलातीन.' नैर्ऋत्येत त्याला हेच म्हणतात आणि यावर तडजोड नाही. पिशवी हवी असेल तर 'साक' न म्हणता 'पोश' म्हणा. तरुण पोरं 'खूप'साठी 'गाव्हे' म्हणतात. हे तीन शब्द वापरलेत की समोरचा माणूस सैल होतो.

मेरीन्याक सोलेई म्हणजे काय?

मोठमोठ्या दुकानांचा पट्टा. फर्निचर, कपडे, खेळाचं सामान सगळं मिळतं. गावातली मला सगळ्यांत न आवडणारी जागा ही. बैठ्या पत्र्याच्या इमारती, मध्ये अफाट पार्किंग, उन्हाळ्यात तापलेलं डांबर आणि सावलीला झाड नाही. आता डांबर उखडून झाडं लावायची, दुकानांच्या जागी घरं आणायची असं मोठं काम सुरू आहे. ते नीट तडीला गेलं तर गावाचा हा भाग पायी चालण्याजोगा होईल. तूर्तास सामान घ्या आणि निघा.

भारतातून आईवडील येणार आहेत. त्यांना मेरीन्याकमध्ये काय दाखवावं?

समुद्र आणि पिलाची शंभर मीटरच्या आसपास उंचीची वाळूची टेकडी तासाभरावर आहे, ती दाखवालच. गावातल्या गावात आर्लाककडचा व्हेरीनचा मध्ययुगीन बुरूज बघा, आत जुनी भित्तिचित्रं आहेत. जुन्या साँ-व्हँसाँ चर्चमध्ये आता छायाचित्रांची प्रदर्शनं भरतात. मिशेल साँत-मारी यांच्या नावाचं वाचनालय गावाच्या मध्यात आहे. हे गृहस्थ १९७४ ते २०१४ अशी चाळीस वर्षं इथले महापौर होते.

आणि बूराँची बाग. देवेझ नावाचा ओढा तिच्यातून वाहतो, पुढे तो बोर्दोच्या रस्त्यांखाली गडप होतो. माझी आई आली तेव्हा तिला राजवाडे, चर्चं काही नको होतं. ती रोज सकाळी बूराँला ओढ्याकाठच्या बाकावर बसायची, घरून नेलेली पोळी खायची. चौथ्या दिवशी एक फ्रेंच आजी येऊन शेजारी बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने पोळीचा अर्धा गुंडाळा पुढे केला, आजींनी पिशवीतून दोन अंजिरं काढली. मी न्यायला गेले तेव्हा आई म्हणाली, 'यांच्या घरचं झाड आहे, उद्या कलम आणणारेत.' हे तिला कसं कळलं, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खरंच त्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी घेऊन आल्या.